सत्पात्री दान

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट शेजारी असताना, उपासमारीच्या एका कादंबरीविषयी लिहावे हे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. त्यांना एवढेच सांगतो की ही कादंबरी हसवणारी आहे. इतकी की तिचा नायक किती दिवस उपाशी आहे हे मोजायचे आपण हसण्याच्या भरात विसरून जातो. तिची खरी खोच तेथेच आहे असे मला वाटते.

‘लाझारिल्यो दे तोर्मेस’ हे तिचे नाव; लेखक निनावी. १५५४ साली ती स्पेनमध्ये बुर्गोस, आल्काला आणि मेदिना देल काम्पो येथे, आणि फ्लँडर्सकडे अँटवर्प येथे, अशी एकाच वर्षात चार ठिकाणी छापली गेली. यांपैकी मेदिनाची प्रत १९९२ सालापर्यंत अभ्यासकांना माहीत नव्हती. बार्कारोता नावाच्या गावी एका जुन्या घराच्या भिंतीत चिणून ठेवलेली काही पुस्तके सापडली, त्यांत ती निघाली. भिंतीत चिणण्याजोगे त्या लहानशा पुस्तकात काय होते, हा प्रश्न कोणालाही पडेल. धर्मखात्याचे उत्तर सरळ होते. १५५९ साली इन्क्विझिशनने तिला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातले आणि १५७३ साली ‘शुद्ध’ करून पुन्हा छापू दिले. या शुद्धीकरणात दोन प्रकरणे पार गेली. एक भटकभवान्या साधूचे, दुसरे पापमुक्तीची पत्रे विकणाऱ्या भोंदूचे. तेव्हापासून या पुस्तकाचा डंख पाद्र्यांना आहे असे मानण्याची वहिवाट पडली. दुसरी वहिवाट साहित्याच्या इतिहासकारांची. त्यांच्या लेखी ही भटक्या लबाडाच्या कथांची आदिमाता; एक पोरगा, अनेक धनी, प्रत्येक धन्यागणिक एक फजिती, आणि पुढे युरोपभर पसरलेला सगळा वंशविस्तार.

ही दोन्ही वाचने खोटी नाहीत. पण त्यांत एक गोष्ट हरवते. ही कादंबरी दानाविषयी आहे. कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये, आणि मुख्य म्हणजे ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, याविषयी. आपल्या भाषेत या विषयाला शब्द तयार आहे : सत्पात्री दान. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांची अट घातली आहे, आणि घेणारा ‘पात्र’ असावा हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ती एक अट आहे हेही ध्यानात राहत नाही. दारात कोणी उभा राहिला की आपण आधी त्याचे दंड पाहतो. धडधाकट दिसला की हात आखडतो. सोळाव्या शतकातल्या युरोपात हे पाहणे शहरांच्या कारभाराचा भाग झाले, त्याचे कायदे झाले, त्यासाठी कारकून नेमले गेले. लाझारोची गोष्ट त्या कारभाराच्या ऐन उमेदीत लिहिली गेली आहे.

त्या कारभाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. जुन्या ख्रिस्ती जगात भिकारी हा व्यवस्थेत बसलेला माणूस होता. देवळाच्या दारात त्याची जागा ठरलेली. नाणे टाकणाऱ्यासाठी तो प्रार्थना करी, आणि टाकणाऱ्याच्या खात्यावर पुण्य जमा होई. सोळाव्या शतकाच्या आरंभी हा हिशेब मोडला. माणसे वाढली, धान्य महागले, लढायांनी गावेच्या गावे उठली आणि शहरांच्या वेशींवर अनोळखी तोंडांची गर्दी झाली. १५२२ साली न्यूरेंबर्गने, १५२५ साली फ्लँडर्समधल्या ईप्रने गरिबांची व्यवस्था नगरसभेच्या हाती घेतली. दानाचा पैसा एका सामाईक पेटीत, गरजूंच्या नावांच्या याद्या, चौकशीला माणसे आणि रस्त्यावर भीक मागण्याला मनाई.

या साऱ्याला तत्त्वज्ञान पुरवले ते हुआन लुईस व्हिवेस या पंडिताने. त्याचा लॅटिन ग्रंथ १५२६ साली ब्रूझ येथे प्रसिद्ध झाला आणि त्याच शहराच्या नगरसभेला अर्पण केलेला आहे. व्हिवेसची योजना आजही वाचताना थक्क व्हायला होते. नगरसभेच्या दोघा सभासदांनी एक लेखनिक बरोबर घेऊन गरिबाच्या घरी जावे. घरात पोरे किती, पूर्वी निर्वाह कशावर होता, आता हलाखी का आली, हे लिहून घ्यावे. ज्याला जे जमेल ते काम त्याला द्यावे. आंधळासुद्धा रिकामा बसू नये. त्याने टोपल्या विणाव्यात, लोहाराचा भाता ओढावा, गळा असेल तर गावे. जुगारात घर बुडवलेल्याला काम जड द्यावे आणि अन्न हलके द्यावे, पण त्यालाही उपाशी मरू देऊ नये. हे शेवटचे वाक्य विसरून व्हिवेसला निव्वळ दंडुकेवाला ठरवणारे टीकाकार त्याच्यावर अन्याय करतात. उपाशी कोणीही मरता कामा नये, ही जबाबदारी शहराची आहे, एवढे स्पष्ट बोलणारे त्या काळात फार नव्हते.

मात्र त्याच योजनेत आणखी एक कलम आहे. परगावच्या गरिबाला वाटखर्च देऊन त्याच्या गावी परत पाठवावे. लढाईने उजाड झालेल्या मुलखातून आलेल्यांना व्हिवेस यातून वगळतो, हेही नमूद केले पाहिजे. तरी हे कलम लिहिणारा स्वतः कोण होता? तो व्हालेन्सियाचा; घराणे ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेले. ऐन तारुण्यात शिकण्यासाठी देश सोडला तो परत गेला नाही, आणि जाण्यासारखे काही उरलेही नव्हते. १५२४ साली त्याच्या वडिलांना इन्क्विझिशनने जाळले. पुढे मेलेल्या आईची हाडे उकरून तीही जाळली. ज्याला स्वतःला गाव उरले नव्हते तो माणूस इतरांना आपापल्या गावी पाठवण्याची व्यवस्था लिहीत होता. व्हिवेसच्या शांत, रेखीव गद्यात या विसंगतीचा मागमूसही लागत नाही. तो लागला असता तर ग्रंथ बिघडला असता, पण कदाचित अधिक खरा झाला असता.

स्पेनमध्ये हे वारे १५४० च्या कायद्याने आले. भीक मागायची तर परवाना हवा. तो आपल्या गावच्या पाद्र्याकडून, आणि त्याआधी पापनिवेदन केले पाहिजे. पाच वर्षांनी, १५४५ साली, सालामांका येथे या प्रश्नावर दोन पुस्तके निघाली. हुआन दे रोब्लेस या साधूने सुधारणेची बाजू घेतली. खोटा भिकारी खऱ्याच्या तोंडचा घास पळवतो, म्हणून निवड केलीच पाहिजे, हा त्याचा मुद्दा. विरुद्ध बाजूला सालामांका विद्यापीठातला दोमिंगो दे सोतो होता. त्याने युवराज फिलिपला उद्देशून जे लिहिले त्याची धार अजून बोथट झालेली नाही. गुन्ह्यावाचून कोणालाही हद्दपार करता येत नाही आणि गरिबी हा गुन्हा नव्हे, असे तो म्हणतो. सगळे राज्य एक शरीर आहे, तेव्हा एका प्रांतात पीक बुडाले तर दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा माणसाला हक्क आहे. श्रीमंतांवर देण्याची सक्ती करायची तुमची तयारी नाही. मग गरिबाचा मागण्याचा हक्क कशाच्या बळावर काढून घेता? आणि खोटे भिकारी हुडकण्याचा हा जो उत्साह आहे तो खऱ्यांवरच्या प्रेमातून आला आहे, की गरीब डोळ्यांसमोर नकोतच म्हणून? फसवणूकच शोधायची तर ती श्रीमंतांत जास्त सापडेल, असाही टोला तो हाणतो.

वादात मी सोतोच्या बाजूला झुकतो. पण रोब्लेसचा मुद्दा पोकळ नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. मागण्याचा हक्क हा पुष्कळदा रस्त्यावर मरण्याचाही हक्क ठरतो. दोघांनाही एक गोष्ट मात्र साधली नाही. ज्याच्याविषयी हा वाद, तो त्यात कोठेच बोलत नाही. नऊ वर्षांनी एक पुस्तक निघाले आणि त्यात तो बोलला. त्या पोराचा जन्म सालामांकाशेजारीच, तोर्मेस नदीच्या पात्रातल्या पाणचक्कीवरचा आहे.

लाझारोचा बाप चक्कीवर कामाला होता. गिऱ्हाइकांच्या पोत्यांना भोके पाडल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि पुढे तो मोहिमेवर मेला. आईने एका काळ्या मोतद्दाराशी घरोबा केला. तबेल्यातला कोंडा, लाकूडफाटा, घोड्यांच्या झुली, जे हाताला लागेल ते चोरून तो या घराचे पोट भरी. ते उघडकीला आल्यावर त्याला फटके मारून वर उकळती चरबी ओतली गेली, आणि आईलाही फटके बसले. हे सारे पहिल्या दोनचार पानांत, कसलाही गहिवर न आणता सांगितले आहे. मग आई पोराला एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हवाली करते. हा आंधळा म्हणजे आपल्या धंद्यातला उस्ताद. शेकड्याने प्रार्थना त्याला तोंडपाठ. गरोदर बाईला एक, दातदुखीला दुसरी, नवऱ्याचे मन फिरलेल्या बायकोला तिसरी. व्हिवेसने ज्याला भाता ओढायला बसवले असते तो हा आंधळा महिन्याला जे मिळवतो ते शंभर आंधळ्यांना वर्षात मिळणार नाही, असे लाझारो सांगतो. आणि पोराला मात्र उपाशी मारतो. द्राक्षांचा प्रसंग प्रसिद्धच आहे. एकेक द्राक्ष खायचे ठरते, आंधळा करार मोडून दोन दोन उचलू लागतो, पोरगा गुपचूप तीन तीन. आणि शेवटी आंधळा बरोबर ओळखतो, कारण आपण दोन खात असता पोरगा तक्रार करीत नव्हता. पुढे माकेदा गावचा पाद्री भेटतो. चार दिवसांला एक कांदा हा त्याचा शिधा, आणि पाव ठेवलेल्या पेटीला कुलूप. ही दोन प्रकरणे लोकांच्या सर्वांत लाडकी. विनोद म्हणून ती चोख आहेत. पण माझ्या मते लेखकाची खरी उंची तिसऱ्या प्रकरणात दिसते, आणि शुद्धीकरण करणाऱ्यांनी ते प्रकरण कायम ठेवले हे आपले नशीब.

पाद्र्याने डोके फोडलेला लाझारो तोलेदो शहरात येतो. जखम ओली असते तोवर लोक त्याला भीक घालतात. जखम भरून येते आणि त्याच दारांतून दुसरेच शब्द ऐकू येतात : तू आळशी आहेस, टवाळ आहेस, जा, कोणाची तरी चाकरी धर. पोरगा तोच, भूक तीच. बदलली ती फक्त खपली. पात्रापात्रतेवर शेकडो पाने लिहिणाऱ्या पंडितांना जे सापडले नाही ते या लेखकाने दोन वाक्यांत ठेवले आहे. पात्रता ही पाहणाऱ्याच्या नजरेला पटणारी जखम आहे. ती भरली की माणूस अपात्र. आणि चाकरी धर म्हणणाऱ्यांपैकी कोणी चाकरी देत नाही. धनी मिळणार कोठे, देवाने तो नव्याने घडवला तरच, असा विचार करीत पोरगा हिंडतो.

मग धनी मिळतो. एक ‘एस्कुदेरो’, आपल्याकडचा, वतन गेलेला पण डौल न गेलेला शिलेदार डोळ्यांसमोर आणावा. अंगावर नीटनेटका झगा, कमरेला तलवार, चालीत ऐट. पोरगा त्याच्यामागून बाजारातून जातो, आणि धनी बाजारात काहीच विकत घेत नाही हे पाहून, घरी सारे भरलेले असणार अशी खूणगाठ बांधतो. घरात खुर्चीसुद्धा नसते. दुपार टळते, आणि पोरगा छातीशी लपवलेले, भीक मागून आणलेले पावाचे तुकडे काढतो. शिलेदार त्यांतला मोठा तुकडा घेतो आणि विचारतो, हा पाव स्वच्छ हातांनी मळलेला आहे ना? पोटात आग पडलेली असताना शुचिर्भूतपणाची चौकशी करणारा हा माणूस आपल्याला अनोळखी नाही. सोवळे आणि उपास एका घरात नांदलेले महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहे.

येथून सारे उलटे होते. नोकर भीक मागून आणतो आणि धन्याला जेवू घालतो. एके दिवशी पोरगा पाव, गाईच्या शिजवलेल्या पायाचा तुकडा आणि थोडे आतड्याचे मांस आणतो. धन्याची नजर त्यावर खिळलेली त्याला दिसते. आता त्याला बोलावावे तर तो जेवून आलो म्हणेल, न बोलवावे तर उपाशी राहील. म्हणून पोरगा आपल्या खाण्याची चव अशी वाखाणतो की धन्याला मागितल्याशिवाय मागता यावे. एवढी नाजूक देवाणघेवाण मी फार थोड्या ग्रंथांत वाचली आहे. देणारा येथे घेणाऱ्याची अब्रू सांभाळतो, आणि हा देणारा शहराच्या हिशेबी टवाळ ठरलेला दहाबारा वर्षांचा पोर आहे. शिलेदारासारख्यांना त्या काळी ‘लाजरे गरीब’ म्हणत, आणि त्यांना गुपचूप मदत पोचवणाऱ्या धर्मसंस्था होत्या. शेजारच्या पोर्तुगालात १४९८ साली लिस्बनला निघालेली मिसेरिकोर्दिया त्यांपैकीच. तिची शाखा सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच आपल्या गोव्यातही आली. म्हणजे व्यवस्थेत शिलेदारासाठी जागा होती. पण त्यासाठी आपण गरीब आहोत हे एकदा कोणाला तरी सांगावे लागते. शिलेदार दारात उभा राहतो आणि काडीने दात कोरतो, जेवण झाल्याचे गल्लीला दिसावे म्हणून.

असे चालले असता वर्ष नापिकीचे येते. तोलेदोची नगरसभा ठराव करते की परगावच्या सर्व गरिबांनी शहर सोडावे. यापुढे जो सापडेल त्याला फटके. दवंडी फिरते. चार दिवसांनी लाझारो चव्हाट्यावर उभा असताना गरिबांची एक धिंड फटके खात समोरून जाते. सोतोच्या ग्रंथातला सगळा युक्तिवाद, आणि व्हिवेसच्या योजनेतले ते एक कलम, या दृश्यात उभे आहे. व्हिवेसचा वाटखर्च तेवढा कोठे दिसत नाही. लेखक त्यावर एक शब्दही बोलत नाही. लाझारो सालामांकाचा, म्हणजे परगावचाच. त्याची भीक बंद होते. घरात दोन दोन, तीन तीन दिवस घास नाही आणि बोलणेही नाही. पोराला जगवतात त्या शेजारच्या काही बायका. सूत कातून टोप्या विणणाऱ्या. त्यांनाच पुरेसे नव्हते, त्यातले थोडे त्या याला देत. धन्याने मात्र आठ दिवस काही खाल्ले नाही, निदान घरात तरी नाही, असे लाझारो काळजीपूर्वक नोंदवतो.

या बायकांकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. त्यांना नावेही नाहीत. पुढे धनी भाडे बुडवून पळून जातो, तेव्हा घरमालक आणि खाट भाड्याने देणारी म्हातारी पोलीस अंमलदार व लेखनिक यांना घेऊन येतात आणि पोराला धरतात. त्या वेळीही याच बायका साक्ष देऊन त्याला सोडवतात. आणि या प्रसंगाची मांडणी पाहा. अधिकारी, त्याच्याबरोबर लेखनिक, गरिबाच्या घराची पाहणी, काय आहे ते लिहून घ्यायचे. व्हिवेसच्या योजनेतलेच हे चित्र. फक्त घरात लिहून घेण्यासारखे काहीच नाही, आणि पाहणीनंतर भांडण होते ते कामाची फी कोणी द्यायची यावरून. व्हिवेसचा ग्रंथ या लेखकाने वाचला होता की नाही हा प्रश्न अभ्यासकांनी सोडवावा. वाचकाला दोन दृश्ये शेजारी ठेवण्याचा अधिकार आहे, आणि ठेवल्यावर जे दिसते ते दिसतेच. अख्ख्या कादंबरीत चौकशी न करता दिलेले अन्न दोनच ठिकाणी आहे. लाझारोने शिलेदाराला दिलेले आणि या बायकांनी लाझारोला दिलेले.

शेवटच्या प्रकरणात लाझारो मोठा झाला आहे, बस्तान बसले आहे, सरकारी नोकरी मिळाली आहे. कोणती? तो तोलेदोचा दवंडीवाला झाला आहे. विक्रीला आलेल्या दारूची, हरवलेल्या वस्तूंची दवंडी तो पिटतो. आणि शिक्षा झालेल्यांची धिंड निघते तेव्हा त्यांच्याबरोबर चालत त्यांचे अपराध पुकारतो. परगावच्या गरिबांना हाकलण्याची दवंडी ज्या हुद्द्यावरून पुकारली गेली होती, तो हुद्दा आता त्याच्याकडे आहे. पुढची धिंड निघेल तेव्हा हा पुढे असेल. लेखक हा सांधा दाखवीत नाही, जुन्या धिंडीची आठवणही करून देत नाही; पण मला तरी कादंबरीचा सगळा भार या एका नेमणुकीवर तोललेला वाटतो. एरवी शेवट अगदीच सामान्य आहे. एका बड्या धर्माधिकाऱ्याच्या ठेवलेल्या बाईशी लाझारोचे लग्न लावून दिलेले आहे, गावात कुजबुज आहे, आणि लाझारो कानांवर हात ठेवून सुखाने राहतो. सन्मार्गाला लागलेला, चाकरी धरलेला गरीब तो हाच. शहराने त्याला जे जे सांगितले ते त्याने केले आहे.

आणि हे सारे आपल्याला कळते कसे? कादंबरी म्हणजे एक पत्र आहे. कोणा एका ‘सरकारां’नी त्या कुजबुजीची हकीकत मागवली आहे आणि लाझारो जन्मापासून सगळे लिहून देतो आहे. म्हणजे हाही चौकशीचा जबाबच. घरात पोरे किती, पूर्वी निर्वाह कशावर होता, आता ही अवस्था का. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव, चेहरा, हेतू काही दिसत नाही. त्याची खुर्ची रिकामी आहे आणि वाचक नकळत त्या खुर्चीत जाऊन बसतो. आपण हसतो ते त्या खुर्चीवरून. गरिबाने आपली हकीकत चुरचुरीत करून सांगितली तर ती आपण अखेरपर्यंत ऐकून घेतो. रडत सांगितली तर सोंग म्हणतो. लाझारोला हे आंधळ्याने शिकवलेले होते. म्हणूनच या कादंबरीला सोतोच्या बाजूचे प्रचारपत्रक ठरवणाऱ्यांशीही माझे जमत नाही. प्रचारपत्रकाने लाझारोला निर्दोष तरी ठेवले असते.

पुढच्या पिढीत हे साधले नाही. मातेओ आलेमानची ‘गुझमान दे आल्फाराचे’ ही १५९९ सालची कादंबरी आकाराने कितीतरी मोठी, आणि तिच्यात रोमच्या भिकाऱ्यांचे नियम, त्यांची सोंगे, जन्मलेल्या पोराला भीक मिळावी म्हणून पांगळे करणारा बाप, सारे आहे. आलेमानचा मित्र पेरेझ दे एरेरा हा राजाच्या पदरचा वैद्य. त्याने माद्रिदला गरिबांसाठी आश्रम काढण्याची खटपट केली आणि ‘अस्सल गरिबां’च्या संरक्षणावर १५९८ साली ग्रंथ लिहिला. ‘अस्सल’ हा शब्द ग्रंथाच्या नावातच आहे. आलेमानची कादंबरी या मित्राच्या खुर्चीतून लिहिलेली वाटते. तिच्यात प्रवचने पुष्कळ आहेत आणि ती चांगलीही आहेत, पण शेजारणींना तिच्यात जागा नाही.

लाझारोचा लेखक निनावी राहिला याचा त्याला एक फायदा झाला. पुस्तक लिहून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या भिकाऱ्याशी तो कसा वागला, हे त्याला कोणी विचारू शकत नाही. जोनाथन स्विफ्टला ही सवलत नाही. १७२९ साली त्याने डब्लिनमध्ये आपला तो भयंकर ‘विनम्र प्रस्ताव’ छापला, हे इंग्रजी शिकलेल्या आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. आयर्लंडमध्ये गरिबांना दरवर्षी एक लाख वीस हजार मुले होतात. त्यांपैकी वीस हजार वाणासाठी राखून उरलेली एक लाख, वर्षाची झाली की, श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत, असा हिशेब एक सुशिक्षित, परोपकारी गृहस्थ शांतपणे मांडतो. स्पॅनिश कादंबरीत गरीब बोलतो आणि चौकशी करणारा अदृश्य आहे. येथे चौकशी करणाराच बोलतो आणि गरीब फक्त आकड्यांत आहे. सुधारकाच्या गद्याची इतकी हुबेहूब नक्कल करायला त्या गद्याची आतून ओळख लागते. स्विफ्टला ती होती. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक चर्चचा तो डीन होता आणि शहराच्या गरिबांच्या कारभारात त्याचा हात होता. गरीब कारागिरांना तो स्वतःच्या पैशातून बिनव्याजी लहान कर्जे देई, आणि मरताना आपली मालमत्ता वेड्यांच्या इस्पितळासाठी ठेवून गेला.

त्याच स्विफ्टने १७३७ साली आणखी एक प्रस्ताव छापला, आणि तो अगदी खरा. डब्लिनच्या प्रत्येक पॅरिशने आपापल्या भिकाऱ्यांना बिल्ले द्यावेत. ज्याच्याजवळ बिल्ला नाही त्याने मागू नये. आणि खेड्यांतून आलेल्या परक्या भिकाऱ्यांना त्यांच्या गावी हाकलून द्यावे. इंग्लंडात १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्या गरिबांच्या बाहीवर बिल्ला आलाच होता. आयर्लंडला तर गरिबांसाठी असा कायदा १८३८ पर्यंत नव्हता, तेव्हा डीनसाहेबांना काहीतरी व्यवस्था हवी होती हे समजू शकते. पण भाषा पाहावी. हा प्रस्ताव आणि आठ वर्षांपूर्वीचा तो ‘विनम्र’ प्रस्ताव एकामागोमाग वाचले तर उपरोध कोठे संपला आणि निवेदन कोठे सुरू झाले हे सांगणे काही जागी कठीण जाते. आळशी, व्यसनी, आपल्या हालांना आपणच कारण असलेली ही जात, असा सूर दोन्हीकडे आहे. एकीकडे तो सोंग म्हणून, दुसरीकडे स्वतःच्या सहीनिशी. यावरून स्विफ्टला दांभिक ठरवण्याची घाई काहींना होते. मला तसे वाटत नाही. ज्या खुर्चीचे त्याने विडंबन केले त्याच खुर्चीत त्याला रोज बसावे लागत होते, आणि तिच्यावरून दिसणारे दृश्य त्याला दुसरे दिसत नव्हते. ‘विनम्र प्रस्ताव’ इतका थंडपणे अंगावर येतो तो त्यामुळेच.

या दुसऱ्या प्रस्तावात त्याची एक तक्रार आहे. काही पॅरिशांतून बिल्ले आधीच वाटले गेले होते, पण भिकारी ते दिसतील असे लावीतच नाहीत. लाज वाटते म्हणून खिशात ठेवतात, कपड्याखाली झाकून नेतात. भीक मागायला लाज नाही आणि बिल्ला लावायला आहे, ही डीनसाहेबांना निव्वळ मग्रुरी वाटते. तोलेदोच्या त्या रिकाम्या घराच्या दारात, गल्लीकडे तोंड करून काडीने दात कोरीत उभ्या असलेल्या शिलेदाराला ती तशी वाटली नसती.